निरोधक चेतापेशी आणि मज्जासंस्थेचे विकार : अपस्माराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

गेल्या वर्षी पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या प्राणिशास्त्र प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थिनीला फेफरे आले. क्षणार्धात भोवती गर्दी झाली. कोणी पायातील चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली, कोणी कांदा आणण्यासाठी उपाहारगृहाकडे धावले, एकाने तिचे दोन्ही हात घट्ट आवळून धरले. दोन-अडीच मिनिटांत झटका आपोआप ओसरला आणि त्याचे श्रेय अर्थातच चपलेला मिळाले. पुढील आठवड्यात चेतासंस्थेचे प्रकरण शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, फेफरे येते तेव्हा मेंदूत वीज जास्त होते का?" प्रस्तुत लेखिकेने होकारार्थी उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे नव्हते, परंतु अपुरे होते. आणि हे अपुरेपण काही रुग्णांच्या बाबतीत घातक ठरू शकते. त्या अपुऱ्या उत्तराची दुरुस्ती करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

अपस्मारात मेंदूतील असंख्य चेतापेशी एकाच वेळी, एका लयीत आणि अनावर रीतीने उद्दीपित होतात हे खरे. परंतु त्या अनावर का होतात? उद्दीपन करणाऱ्या पेशींचे बळ वाढले म्हणून, की त्यांना आवरणाऱ्या पेशींचे बळ घटले म्हणून? झटक्याच्या वेळी बाहेरून पाहणाऱ्यास या दोहोंत फरक दिसत नाही. उपचाराच्या दृष्टीने मात्र तो फार मोठा आहे.

निरोधाची संकल्पना

आपल्या क्रमिक पुस्तकांत चेतापेशीतील आवेगाची निर्मिती व वहन यांना आठ-दहा पाने मिळतात, तर निरोधाची बोळवण एका परिच्छेदात होते. त्यामुळे निरोध म्हणजे केवळ उद्दीपनाचा अभाव, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः निरोध ही स्वतंत्र, सक्रिय आणि ऊर्जा खर्च करून घडविली जाणारी क्रिया होय.

चेतातंतू एखाद्या अवयवाचे कार्य थांबवूही शकतो, हे १८४५ मध्ये वेबर बंधूंनी प्रथम दाखविले. व्हेगस चेतातंतूस विद्युत्प्रवाहाने उद्दीपित केले असता हृदयाची धडधड थांबते, हे त्यांचे निरीक्षण त्या काळी अनेकांना पटले नाही. पुढे रशियन शरीरक्रियावैज्ञानिक सेचेनॉव्ह यांनी १८६३ च्या सुमारास बेडकाच्या मेंदूच्या विशिष्ट भागावर मिठाचा खडा ठेवला असता पायाची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, असे दाखवून निरोधाचे केंद्र मेंदूतही असते हे सूचित केले. या विचाराला पूर्ण शास्त्रीय रूप दिले ते चार्ल्स शेरिंग्टन यांनी. गुडघा सरळ करणारा स्नायू आकुंचन पावतो त्याच क्षणी गुडघा वाकविणाऱ्या स्नायूच्या चेतापेशी मेरुरज्जूतच थोपविल्या जातात, हे त्यांनी सिद्ध केले. १९३२ च्या नोबेल पारितोषिकाच्या स्वीकृतिप्रसंगी त्यांनी व्याख्यानासाठी निवडलेला विषय निरोध हाच होता, ही गोष्ट बोलकी आहे. १९५१ मध्ये जॉन एकल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे मांजराच्या मेरुरज्जूतील पेशीच्या आत सूक्ष्म विद्युदग्र घालून निरोधाच्या क्षणी पेशीचे अंतरंग अधिक ऋणभारित होते, हे प्रत्यक्ष मोजले. चेतासंधींतील संदेशवहन रासायनिक नसून विद्युतीय असते, असे एकल्स तोवर हिरिरीने मांडीत होते. या एका प्रयोगानंतर त्यांनी आपले मत बदलले. आपल्याच सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा इतक्या मोकळेपणाने स्वीकारल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत.

काजरा आणि धनुर्वात

निरोध नाहीसा झाल्यास काय होते, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जावयास नको. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर काजऱ्याचे झाड सर्वपरिचित आहे. त्याच्या चपट्या, बटणासारख्या बिया म्हणजे आयुर्वेदातील कुचला. आयुर्वेदात त्याचा उपयोग शोधनानंतरच करतात. त्यातील स्ट्रिक्निन हे अल्कलॉइड मेरुरज्जूतील ग्लायसिन या निरोधक चेतापारेषकाचे ग्राही अडवून धरते. परिणामी स्पर्श वा आवाज अशा किरकोळ निमित्तानेही विषबाधा झालेल्या व्यक्तीच्या सर्व स्नायूंना एकाच वेळी आचके येतात. स्ट्रिक्निन स्वतः कोणत्याही पेशीला उद्दीपित करीत नाही. ते फक्त लगाम काढून घेते.

धनुर्वाताचे जंतुविष तेच कार्य अधिक धूर्तपणे करते. जखमेतील जंतूंनी निर्माण केलेले हे विष प्रेरक चेतातंतूंतून उलट दिशेने प्रवास करीत मेरुरज्जूत पोहोचते, तेथे ज्या पेशीतून आले ती सोडून शेजारच्या निरोधक पेशीत शिरते आणि चेतापारेषकाच्या पुटिका बाहेर पडण्यासाठी आवश्यक असणारे सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन कापून टाकते. ही आण्विक यंत्रणा १९९२ मध्ये उलगडली. ग्लायसिन व गाबा बाहेर पडणेच बंद झाल्याने परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आकुंचन पावतात. जबड्याचे मिटविणारे स्नायू बलवान असल्याने दातखीळ बसते; पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंवर मात करतात म्हणून देह धनुष्यासारखा वाकतो. आपल्याकडील रोगाचे नावच त्याच्या लक्षणाचे अचूक वर्णन करते. स्वच्छ प्रसूती आणि मातांचे लसीकरण यांमुळे माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये अधिकृतपणे मान्य करण्यात आले; तथापि धनुर्वाताचे जंतू मातीत आहेतच.

ही दोन उदाहरणे मेरुरज्जूची आहेत. मेंदूच्या बाह्यकात हेच घडले तर त्याला आपण अपस्मार म्हणतो.

गाबा आणि एक जीवनसत्त्व

मेंदूतील प्रमुख निरोधक चेतापारेषक म्हणजे गॅमा अमिनो ब्युटिरिक आम्ल, अर्थात गाबा. १९५० मध्ये यूजीन रॉबर्ट्स यांना ते मेंदूच्या ऊतीत विपुल प्रमाणात आढळले. परंतु त्याचे कार्य निश्चित होण्यास आणखी बराच काळ लागला. गाबाची रासायनिक घडण मोठी विलक्षण आहे. मेंदूतील प्रमुख उद्दीपक असलेल्या ग्लुटामेटपासूनच, त्यातून कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणू वगळून, ते एका पायरीत तयार होते. म्हणजे उद्दीपक आणि निरोधक यांच्यात केवळ एका विकराचे अंतर आहे, आणि या विकराला कार्य करण्यासाठी ब-६ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप लागते.

या रासायनिक तपशिलाचा प्रत्यय अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या आरंभी आला. एका विशिष्ट तयार द्रवरूप दुग्धाहारावर वाढणाऱ्या, एरवी निरोगी असणाऱ्या तान्ह्या मुलांना झटके येऊ लागले. निर्जंतुकीकरणासाठी दिलेल्या उष्णतेने त्या आहारातील ब-६ नष्ट होत होते, असे शोधान्ती आढळले. जीवनसत्त्व देताच झटके थांबले. आपल्या देशात याच सूत्राचे दुसरे टोक दिसते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध अतिमात्रेत पोटात गेल्यास ब-६ चे कार्य बंद पडते, मेंदूतील गाबा घटते आणि नेहमीच्या औषधांना न जुमानणारे झटके येतात. अशा वेळी जितके ग्रॅम आयसोनियाझिड घेतले गेले असेल तितकेच ग्रॅम ब-६ शिरेतून देणे हा उपचार आहे.

गाबा पुढील पेशीच्या ग्राहीला चिकटले की तेथील क्लोराइड आयनांची वाट उघडते. ऋणभारित क्लोराइड आत शिरल्याने पेशी उद्दीपित होणे अवघड होते. १९१२ पासून अपस्मारावर वापरात असलेले फिनोबार्बिटल आणि नंतरची डायझेपाम, क्लोबाझाम, मिडाझोलाम ही औषधे याच ग्राहीचे कार्य वाढवितात. येथे एक अपवाद नमूद करावयास हवा. नवजात अर्भकाच्या अनेक चेतापेशींत क्लोराइडचे प्रमाण मुळातच अधिक असते. त्यामुळे वाट उघडल्यावर ते बाहेर पडू शकते आणि निरोधक गाबा काही अंशी उद्दीपक ठरते. नवजातांच्या झटक्यांवर फिनोबार्बिटल अनेकदा अपुरे का पडते, याचे एक स्पष्टीकरण यात शोधले गेले. मात्र क्लोराइडचे प्रमाण घटविण्यासाठी ब्युमेटॅनाइड या मूत्रल औषधाची युरोपात झालेली चाचणी परिणामाच्या अभावी आणि काही बालकांची श्रवणशक्ती बाधित झाल्याने थांबवावी लागली; तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राण्यांत सुबक दिसणारी उपपत्ती पाळण्यातील बालकापर्यंत पोहोचेलच असे नाही.

एका जनुकाचे कोडे

लेखाच्या आरंभीचा प्रश्न ज्या विकारात सर्वांत धारदार होतो तो म्हणजे ड्राव्हे संलक्षण. फ्रान्समधील डॉ. शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले. पाच-आठ महिन्यांचे, तोवर सर्वसामान्य वाढ असलेले मूल. साधा ताप किंवा कढत पाण्याची आंघोळ. आणि पाठोपाठ दीर्घकाळ चालणारा, बहुधा शरीराच्या एकाच बाजूचा झटका. दुसऱ्या वर्षापासून वेगवेगळ्या प्रकारचे झटके सुरू होतात, बोलणे व चालणे मागे पडू लागते. अनेक मुले झोपेतील आकस्मिक मृत्यूने दगावतात. विकार विरळ आहे. विविध देशांतील अंदाज पंधरा हजार जन्मांमागे एक ते चाळीस हजारांमागे एक असे आहेत.

२००१ मध्ये बेल्जियममधील संशोधकांना अशा सात रुग्णांची तपासणी करताना सातही जणांत एससीएन१ए या एकाच जनुकात उत्परिवर्तन आढळले. ते आईवडिलांत नव्हते. बालकात नव्याने उद्भवलेले होते. ज्या समाजात मुलाच्या आजाराचा दोष प्रथम आईच्या माथी मारला जातो तेथे ही बाब शास्त्रीय तपशिलापेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

हे जनुक पेशीपटलातील सोडियम मार्गिकेचे, म्हणजे ज्या दारातून सोडियम आत शिरून आवेग निर्माण होतो त्या दाराचे आहे. उत्परिवर्तनाने जनुकाची एक प्रत निकामी होते, म्हणजेच दारे निम्मी होतात. कोडे येथेच आहे. सोडियमची दारे कमी झाली तर पेशी कमी उद्दीपित व्हावयास हव्यात. मग झटके का? उलट, अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे तर सोडियमची दारे बंद ठेवूनच काम करतात! निसर्गाने जणू औषधाचेच कार्य केले होते, आणि तरी मूल अपस्माराने ग्रासलेले होते.

उत्तर २००६ मध्ये सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेतून आले. त्यांनी हेच जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशी वेगळ्या करून त्यांतील सोडियम प्रवाह मोजला. उद्दीपक पिरॅमिडी पेशींत तो जवळजवळ पूर्ववत होता. निरोधक पेशींत मात्र लक्षणीय घटला होता. सोडियम मार्गिकांचे अनेक प्रकार असतात आणि निरोधक पेशी नेमक्या या प्रकारावर अधिक विसंबून असतात. पुढील वर्षी जपानी संशोधकांनी ही मार्गिका प्रामुख्याने पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन धारण करणाऱ्या निरोधक पेशींत असते असे दाखविले.

या पेशींविषयी थोडे अधिक सांगणे उचित होईल. बाह्यकातील एकूण चेतापेशींत निरोधक पेशींचे प्रमाण साधारणतः पाचव्या हिश्शाच्या आसपास, माणसात काही गणनांनुसार त्याहूनही अधिक असते. पार्व्हाल्ब्युमिन पेशी हा त्यांतील एक मोठा गट. त्यांपैकी काही शेजारच्या पिरॅमिडी पेशीच्या देहाभोवती टोपलीसारखे जाळे विणतात. काहींच्या शाखा झुंबराप्रमाणे लोंबतात आणि पिरॅमिडी पेशीचा आवेग जेथे जन्म घेतो नेमक्या त्या जागी चिकटतात. एक पेशी शेकडो पेशींना आवरते आणि त्यासाठी सेकंदाला शंभराहून अधिक आवेग काढू शकते. इतक्या वेगासाठी तिला सोडियमची भरपूर दारे लागतात. ती निम्मी झाली की मंद गतीच्या पेशीचे फारसे अडत नाही. वेगवान पेशी मात्र धाप लागल्यासारखी मागे पडते. २०१२ मध्ये हे जनुक केवळ अग्रमस्तिष्कातील निरोधक पेशींतच निकामी केले असताही उंदरांत ड्राव्हे संलक्षणाची लक्षणे उमटली. त्यामुळे शंकेला फारशी जागा उरली नाही.

तथापि चित्र पूर्ण झाले असे समजू नये. वाढत्या वयाच्या उंदरांत या पेशींची आवेगक्षमता बरीचशी सुधारते, असे २०१८ मध्ये आढळले. तरीही आजार संपत नाही. दोष पेशीदेहाकडून अक्षतंतूच्या टोकाकडे सरकतो की आरंभीच्या काळात विस्कटलेली जोडणी पुन्हा जुळत नाही, याविषयी संशोधन चालू आहे. आपल्या मते दुसरी शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही, कारण मुलांच्या विकासातील अडथळा केवळ झटक्यांच्या संख्येने समजावून देता येत नाही.

औषधाची उलटलेली दिशा

आता मूळ मुद्दा. अपस्माराचे निदान झालेल्या बालकाला कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन देणे हे अनेक प्रकारच्या अपस्मारांत योग्यच आहे. लाखो रुग्ण या औषधांवर सर्वसामान्य जीवन जगत आहेत. परंतु ड्राव्हे संलक्षण असलेल्या बालकात ती आधीच थकलेल्या निरोधक पेशींची उरलीसुरली दारेही अडवतात. लॅमोट्रिजिनने अशा बालकांचे झटके वाढतात, हे वैद्यकीय निरीक्षण १९९८ मध्येच, म्हणजे कारण कळण्याच्या आठ वर्षे आधी, नोंदले गेले होते. ज्या मुलांना पहिल्या पाच वर्षांत ही औषधे अधिक काळ मिळाली त्यांची बौद्धिक वाढ अधिक खुंटल्याचे २०१८ च्या एका अभ्यासात दिसून आले. झटके वाढले की मात्रा वाढविली जाते आणि मात्रा वाढली की झटके वाढतात. या चक्रात सापडलेले पालक डॉक्टर बदलत राहतात आणि औषध मात्र तेच राहते, असेही घडू शकते. अर्थात वैद्यकीय सल्ल्याविना कोणतेही औषध एकाएकी बंद करणे हे त्याहूनही धोक्याचे आहे.

निरोध बळकट करणारे क्लोबाझाम व त्यासोबत व्हॅल्प्रोएट हे या विकारातील प्रचलित औषधोपचार होत. गाबाच्या ग्राहीवर परिणाम करणारे स्टिरिपेंटॉल त्यांच्या जोडीला देतात. कॅनाबिडिऑल व फेनफ्लुरामिन यांना अमेरिकेत अनुक्रमे २०१८ व २०२० मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. निरोगी राहिलेल्या जनुक-प्रतीकडूनच अधिक प्रथिन निर्माण करवून घेणाऱ्या रेणूंच्या मानवी चाचण्याही हाती घेतल्या गेल्या आहेत.

या शोधाचा आणखी एक परिणाम सार्वजनिक आरोग्याशी निगडित आहे. ड्राव्हे संलक्षणाचा पहिला झटका तापात येतो, आणि त्या वयात बालकाला ताप येण्याचे एक नेहमीचे निमित्त म्हणजे लस. त्यामुळे लसीने मेंदू बिघडला, असा आरोप वर्षानुवर्षे होत राहिला. ऑस्ट्रेलियातील सॅम्युएल बर्कोव्हिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा चौदा रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी अकरांत एससीएन१ए जनुकातील उत्परिवर्तन आढळले. लस हे निमित्त होते. कारण जन्मापासून पेशींत होते.

अन्य विकार

निरोधक पेशींचा संबंध अपस्मारापुरता मर्यादित नाही. हंटिंग्टनच्या विकारात रेखित पिंडातील गाबा निर्माण करणाऱ्या पेशी क्रमाने मरतात. मृत रुग्णांच्या मेंदूत गाबा घटल्याचे १९७३ मध्येच दाखविले गेले. रुग्णाचे हातपाय नाचल्यासारखे अनैच्छिक हलतात, कारण नको असलेली हालचाल थोपविणारी साखळी तुटलेली असते. अल्झायमरच्या विकारातही पार्व्हाल्ब्युमिन पेशींतील सोडियम मार्गिका घटल्याचे उंदरांत आढळले आहे. तथापि त्यावरून स्मृतिभ्रंशावरील उपचारांची जी आश्वासने दिली जातात त्यांना मानवी चाचण्यांचा पुरेसा आधार अद्याप नाही. अपस्माराच्याच क्षेत्रात, औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत मूलपेशींपासून तयार केलेल्या निरोधक पेशी रोपण करण्याच्या चाचण्या अमेरिकेत २०२२ पासून सुरू झाल्या.

पाच मिनिटांचे घड्याळ

अपस्माराचे रुग्ण आपल्या देशात एक कोटीहून अधिक असावेत, असा अंदाज आहे. म्हणजे प्रत्येक महाविद्यालयात असे काही विद्यार्थी असणारच. १९९९ च्या कायदेदुरुस्तीपर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाच्या वैधतेच्या आड येणारा आजार होता, हे ध्यानात घेतले म्हणजे विद्यार्थिनी तो का लपवितात हे समजते. आमच्या विद्यार्थिनीनेही तो तीन वर्षे लपविला होता.

अशा प्रसंगी काय करावे, हे निरोधक पेशींच्या कार्यातूनच समजते. सर्वसाधारण झटका निरोधाची यंत्रणा व पेशींचा थकवा यांमुळे दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. चप्पल आणि कांदा यांचे श्रेय ते एवढेच. परंतु झटका लांबला तर पेशीपटलावरील गाबाचे ग्राही पेशीच्या आत ओढले जातात. मग निरोध आणखी दुबळा होतो आणि गाबाच्या ग्राहींवर कार्य करणारी डायझेपाम, मिडाझोलाम ही औषधेही दर मिनिटागणिक कमी परिणामकारक ठरत जातात. म्हणून पाच मिनिटे ही मर्यादा मानली जाते.

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर या वर्षी एक हस्तलिखित कागद लावला आहे. झटका सुरू झाल्याची वेळ पाहा. आजूबाजूच्या काचा व स्टुले दूर करा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. आचके थांबताच कुशीवर वळवा. पाच मिनिटे उलटली तर रुग्णवाहिका बोलवा. तो कागद त्याच विद्यार्थिनीच्या अक्षरात आहे, आणि त्याच्या शेजारी तिने घड्याळही टांगावयास लावले आहे.